गॅदरिंगच्या मोसमात: बिडकीन ते बॅले, नाचाच्या सतरा चटपटीत गोष्टी

डिसेंबर उजाडला की बिडकीन-पैठण पट्ट्यातल्या शाळांचा नूर पालटतो. शेवटच्या तासाला बाकं भिंतीला लागतात, मोबाइलला स्पीकर जोडला जातो आणि वर्गातून बाईंचा आवाज येतो, "पाच, सहा, सात, आठ... आता वळा!" स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं गॅदरिंग, तोंडावर आलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत न्यूयॉर्क, लंडन, मॉस्कोतल्या बॅले शाळांची मुलं नाताळच्या 'नटक्रॅकर'ची तालीम करत असतात. नाचणाऱ्या पोरांचा मोसम जगभर एकच! शिवाय या मोठ्या जगाशी आपल्या जिल्ह्याचं नातं चांगलं घसघशीत आहे. ते कसं, हे सांगणाऱ्या या सतरा गोष्टी.

१. बॅलेची राणी अजिंठ्यात आली होती

ॲना पावलोव्हा ही विसाव्या शतकातली जगातली सर्वांत गाजलेली बॅले नर्तिका. १९२२च्या अखेरीस ती आपला ताफा घेऊन भारतात आली आणि अजिंठ्याची लेणी पाहून भारावून गेली. लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९२३मध्ये, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने नवा बॅले सादर केला. त्याचं नाव 'अजिंठाज फ्रेस्कोज'. भिंतीवरची चित्रं जिवंत होऊन नाचतात आणि राजपुत्र सिद्धार्थ राजवाडा सोडून निघून जातो, असं त्याचं कथानक. नृत्यरचना इव्हान क्लुस्टिन यांची, संगीत अलेक्झांडर चेरेप्निन यांचं. बिडकीनहून सव्वाशे किलोमीटरवरच्या डोंगरातली चित्रं लंडनच्या रंगमंचावर नाचली, त्याला शंभर वर्षं उलटून गेली.

२. ती चित्रं आजही नाचतायत

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाची कथा रंगवली आहे. त्यात मधोमध एक नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया दिसतात. तिच्या कमरेची लय, हाताचा डौल, अंगावरचे दागिने, सारं बारकाईने काढलेलं आहे. शाळेची सहल अजिंठ्याला गेली तर मुलांना हे चित्र आवर्जून दाखवा. नाचणाऱ्या मुलीला ते पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवेल.

३. विद्यापीठामागचा महिला वाद्यवृंद

अजिंठा लांब पडत असेल तर छत्रपती संभाजीनगर शहरातच चला. बीबी का मकबऱ्याच्या आणि विद्यापीठाच्या मागे, डोंगराच्या कुशीत औरंगाबाद लेणी आहेत. तिथल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तिका कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहा वादक बसल्या आहेत. या सहाही स्त्रिया आहेत! हे शिल्प सहाव्या-सातव्या शतकातलं मानलं जातं. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात सात जणींचा पूर्ण कार्यक्रम दगडात कोरून ठेवला गेला.

४. नाचाचा ग्रंथ लिहिला हिशेबनिसाने

भारतीय संगीताचा आधारग्रंथ मानला जाणारा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, लिहिला गेला. लेखक शार्ङ्गदेव. त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेव स्वतः यादव राजा सिंघण यांच्या दरबारात जमाखर्चाचं खातं सांभाळत. आकडेमोड करणाऱ्या या माणसाने सात अध्यायांचा ग्रंथ रचला आणि त्यातला शेवटचा, सातवा अध्याय संपूर्णपणे नृत्याला दिला. मान, डोळे, भुवया, हात, पाय यांच्या हालचालींची त्यात नोंद आहे. गणितात हुशार असलेल्या पोराला नाचायचं असेल तर त्याला अडवू नका. त्याला थेट देवगिरीचा दाखला आहे.

५. शार्ङ्गदेवांच्या नावाचा जानेवारी

संभाजीनगरच्या एमजीएम परिसरात 'महागामी' हे नृत्यगुरुकुल १९९६पासून चालू आहे. पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे कथक आणि ओडिसी शिकवलं जातं. गुरुकुलाचा शार्ङ्गदेव समारोह जानेवारीत भरतो. देशभरातले कलावंत आणि जाणकार येतात आणि गुरुकुलातल्या मुलींनाही त्यांच्याच मंचावर नाचायला मिळतं. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या लेखकाच्या नावाने त्याच्याच मुलखात नाचाचा सोहळा व्हावा, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना लाभतं.

६. पैठणचा नाट्यगुरू

संभाजीनगर-पैठण रस्त्यावर बिडकीन जवळपास मध्यावर लागतं. या रस्त्याच्या टोकाला आहे नाथांचं पैठण. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडं रचली आणि त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगी अशी गावातली माणसं उभी केली. गाणं, अभिनय, नाच आणि शिकवण एकाच वेळी! विंचवाचं भारूड तर आजही गॅदरिंगमध्ये हमखास टाळ्या घेतं. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या मोठ्या नाट्यगृहाचं नाव संत एकनाथ रंगमंदिर आहे, ते सार्थच म्हणायचं.

७. १६६१: इकडे उंबरखिंड, तिकडे नृत्य अकादमी

फेब्रुवारी १६६१मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली. त्याच वर्षी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसमध्ये राजेशाही नृत्य अकादमी स्थापन केली आणि बॅलेला शिस्त लागायला सुरुवात झाली. लुई स्वतः दरबारात नाचायचा. बॅलेतल्या पायांच्या पाच मूळ स्थिती त्याच्या काळात पक्क्या झाल्या. आजही जगातल्या कुठल्याही बॅले वर्गात पावलांची नावं फ्रेंचच असतात.

८. 'नटक्रॅकर'मध्ये मुलं फार, म्हणून समीक्षक नाराज!

'नटक्रॅकर'चा पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात झाला. संगीत चायकोव्हस्कींचं. नाताळच्या आदल्या रात्री एका मुलीला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट मिळतो आणि मग उंदरांचा राजा, सैनिकांची लढाई, बर्फाचा प्रदेश, मिठाईचं राज्य असा प्रवास घडतो. या मुलीच्या भूमिकेत नृत्यशाळेतली एक विद्यार्थिनीच होती. रंगमंचावर एवढी पोरं कशाला, अशी कुरकुर काही समीक्षकांनी तेव्हा केली. पुढे त्या पोरांमुळेच हा बॅले जगभरच्या नृत्यशाळांचा लाडका झाला. मुलांवर विश्वास टाकणारे अखेर जिंकले.

९. गुपचूप आणलेलं वाद्य

'नटक्रॅकर'मधल्या साखरपरीच्या नाचात घंटेसारखा किणकिणता सूर ऐकू येतो. ते वाद्य सेलेस्टा. चायकोव्हस्कींनी ते पॅरिसमध्ये ऐकलं आणि रशियात मागवताना प्रकाशकाला बजावलं, की कुणाला कळू देऊ नका. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह हे संगीतकार आपल्या आधी ते वापरतील, अशी त्यांना धास्ती होती. गॅदरिंगमध्ये कोणतं गाणं घेतलं हे 'ब' तुकडीला कळू नये म्हणून धडपडणाऱ्या 'अ' तुकडीला हे नक्की पटेल.

१०. चॉकलेट, कॉफी आणि चहाही नाचतात

या बॅलेच्या दुसऱ्या अंकात चॉकलेटचा नाच स्पेनच्या ढंगाने, कॉफीचा अरबस्तानच्या आणि चहाचा चीनच्या ढंगाने होतो. त्यातली मेख अशी, की 'अरबी' म्हणवणारी ती चाल प्रत्यक्षात जॉर्जियातल्या एका अंगाईगीतावर बेतलेली आहे. न्यूयॉर्कच्या प्रयोगात एका बाईंच्या भल्यामोठ्या घागऱ्याखालून आठ चिमुकली मुलं बाहेर येतात आणि सगळं थिएटर खळखळून हसतं.

११. शाळकरी नर्तक झाला दिग्दर्शक

जॉर्ज बालान्शिन हे अमेरिकी बॅलेचे शिल्पकार. रशियात शिकत असताना त्यांनी 'नटक्रॅकर'मध्ये विद्यार्थी म्हणून लहानमोठ्या भूमिका केल्या. राजपुत्रही रंगवला. मग १९५४मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी त्यांनी स्वतःचा 'नटक्रॅकर' बसवला, तेव्हा राजपुत्राचे ते मूक हावभाव लहानपणीच्या आठवणीतून जसेच्या तसे उतरवले. त्यांच्या प्रयोगात नाताळचं झाड प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढत वाढत ४१ फुटांवर जातं. त्यात आजही बॅले शाळेतली मुलं दोन तुकड्यांत आळीपाळीने नाचतात. अमेरिकेतल्या अनेक बॅले संस्थांच्या वर्षभराच्या तिकीटविक्रीतला ४० टक्क्यांच्या आसपासचा वाटा या एकट्या 'नटक्रॅकर'चा असतो. मुलांचा कार्यक्रम मोठ्यांचं घर चालवतो तो असा.

१२. पडद्याचे कपडे, साडीचा घागरा

अमेरिकेत पूर्ण लांबीचा 'नटक्रॅकर' पहिल्यांदा झाला सॅन फ्रान्सिस्कोत, २४ डिसेंबर १९४४ रोजी. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि कापडाची टंचाई होती. मग एका जुन्या नाट्यगृहाचे लाल मखमली पडदे मिळवून त्यांचे कपडे शिवले गेले. आपल्याकडे आईची जुनी साडी कापून घागरा होतो, आजोबांच्या धोतराचा मावळ्याचा अंगरखा होतो, आजीची नऊवारी शेजारणीच्या मुलीला जाते. उरलेलं ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येतं. टंचाईतून सजणारा रंगमंच पाहायला सॅन फ्रान्सिस्कोला जायची गरज नाही.

१३. दहा वर्षांची दमयंती निघाली युरोपला

मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, या कथकला बॅलेच्या बांधणीत बसवणाऱ्या अग्रणी नर्तिका. पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. मेनकांच्या संचाने १९३६मध्ये बर्लिनच्या नृत्य ऑलिम्पियाडमध्ये पारितोषिकं पटकावली. खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळाही काढली. त्यांच्या संचात दाखल झालेली एक मराठी चिमुरडी होती, दमयंती जोशी. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास ती मेनकांबरोबर नाचू लागली आणि शाळकरी वयातच तिने युरोपातली मोठमोठी शहरं पाहिली. पुढे एकल कथक नर्तिका म्हणून त्यांनी नाव कमावलं. १९६८मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९७०मध्ये पद्मश्री!

१४. माणसंच झाली कठपुतळ्या

१९५२मध्ये शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रुप सुरू केला. क्षयरोगाने शरीर पोखरलं होतं, तरीही त्यांनी 'रामायण' बसवलं आणि त्यात प्रत्येक नर्तकाला कठपुतळीसारखं हलायला शिकवलं. मान झटक्यात वळायची, कोपर कोनात थांबायचं, चेहऱ्यावर मुखवटा असायचा. १९५४मध्ये बर्धन गेले. पत्नी गुल बर्धन यांनी संच सांभाळला आणि वाढवला. पुढे तो ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला गेला. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली. गॅदरिंगमधला 'बाहुल्यांचा नाच' करणाऱ्या मुलांनी शांती बर्धन हे नाव लक्षात ठेवावं.

१५. भरतनाट्यम मराठीतही आहे

तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांच्या काळातल्या काही नृत्यरचनांची भाषा मराठी होती. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या शोधून, अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि सुचेता भिडे-चापेकर यांनी तो वारसा पुढे नेला. याच पार्वतीकुमारांकडे नृत्य शिकलेल्या सुधा करमरकरांनी १९५९मध्ये 'लिटल थिएटर' स्थापून रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' सादर केलं. मराठी बालरंगभूमीला तिथून बळ आलं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्याला जाणं हा मराठी घरांचा 'नटक्रॅकर'च आहे.

१६. टॅक्सीचालकाचा मुलगा, वेल्डरचा मुलगा

मुंबईत तुशना दल्लास यांनी १९६६पासून बॅलेची शाळा चालवली. पण बॅले फक्त पैसेवाल्यांच्या घरातलं, हा समज खरा मोडला दोन मुलांनी. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, तर अमीरुद्दीन शाह वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचा. येहुदा माओर या इस्रायली गुरूंनी मुंबईत या दोघांना घडवलं. अमीरुद्दीनला २०१७मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. सुनी तारापोरवाला यांच्या २०२०च्या 'ये बॅले' चित्रपटात मनीषने आपल्यावर बेतलेली भूमिका स्वतःच केली. दोघांनीही बॅलेला सुरुवात केली ती किशोरवयात. उशीर झाला म्हणून कुणी थांबलं नाही.

१७. गिरकी घेताना भोवळ का येत नाही?

आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रव असतो. गोल फिरून थांबलं तरी तो फिरत राहतो, म्हणून डोकं गरगरतं. बॅले नर्तक यावर एक युक्ती करतात. समोर एक ठिकाण नजरेने धरायचं, अंग वळलं तरी मान शक्य तितका वेळ तिथेच ठेवायची आणि मग झटक्यात फिरवून पुन्हा तेच ठिकाण पकडायचं. कथकच्या चक्रांतही नजर अशीच बांधलेली असते. १८९५मध्ये पिएरिना लेन्यानीने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या आणि तो आकडा बॅलेत कायमचा मापदंड झाला. गॅदरिंगच्या स्टेजवर मुलांनी समोरच्या मंडपाचा एक खांब निवडावा आणि गिरकीत तोच शोधावा. फरक लगेच जाणवेल.

आता आपल्या स्टेजकडे वळू

आपल्या गॅदरिंगचीही एक रीत आहे आणि ती कुठल्याही मोठ्या थिएटरपेक्षा कमी रंगतदार नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊंची. कार्यक्रम याच्या आगेमागे ठरला की नाचांत सावित्री आणि जिजाऊ हमखास असतात. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत. त्यानंतर कोळीगीत, शेतकरी नृत्य, जोगवा, लेझीम आणि शेवटी शिवराज्याभिषेक. लेझीम हा तर अस्सल मराठी सामूहिक नाच. तोच व्यायाम आणि तीच शिस्त. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सात हजारांहून जास्त जणांनी एकत्र लेझीम खेळून गिनीज बुकात नोंद केली होती.

आणि बक्षिसं! नाच रंगात आला की गर्दीतून एखादे काका उठतात, नोट सूत्रसंचालकाच्या हातात देतात आणि माइकवरून त्यांचं नाव गावभर ऐकू जातं. गाणं संपायच्या आत दहा नावं होतात. मुलांच्या नाचाला गावाने दिलेली ही रोख दाद आहे. तिकीट नसलेल्या कार्यक्रमाला एवढं मनापासून पैसे देणारा प्रेक्षक जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

एक उणीव मात्र भरून काढायला हवी. बॅले शाळांत नाचाची जमीन लाकडी आणि किंचित लवचिक असते. उडी मारून खाली आल्यावर गुडघ्याला, घोट्याला हिसका बसू नये म्हणून ती तशी बांधतात. आपली मुलं मात्र फरशीवर, सिमेंटच्या ओट्यावर किंवा हलत्या फळ्यांवर अनवाणी उड्या मारतात. बिडकीनलगत ऑरिकची सुमारे आठ हजार एकरांची औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. मोठे उद्योग येत आहेत आणि त्यांच्याबरोबर नवी कुटुंबं, नवी मुलं येणार आहेत. या सगळ्यांसाठी बिडकीनमध्ये एक कायमस्वरूपी, नीट जमिनीचा, मुलींना कपडे बदलायला सुरक्षित खोल्या असलेला मुलांचा रंगमंच झाला पाहिजे. ग्रामपंचायत, शाळा आणि उद्योग यांनी मिळून मनावर घेतलं तर हे अवघड नाही.

तोवर घरच्यांनी एवढं करावं: यंदाच्या गॅदरिंगला वेळेवर जा, फक्त आपल्या मुलाचा नाच पाहून उठू नका आणि मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरालाही पुढच्या इतक्याच टाळ्या द्या. शिक्षकांनी एक पथ्य पाळावं: ज्याला नाचायचं आहे अशा एकाही मुलाला 'तुला जमत नाही' म्हणून खाली बसवू नका. बालान्शिन आणि दमयंती जोशी लहानपणी अशाच इतर मुलांबरोबर उभे राहून नाचले होते. त्यांना कुणीतरी रंगमंचावर जागा दिली. आपल्या मुलांनाही ती द्या.